त्रिकोणमितीचा देखावा

२१ डिसेंबर, रविवार
मंडळाची बैठक. माघी गणपतीला जेमतेम महिना उरला आणि देखावा ठरेना. व्यसनमुक्ती झाली, पाणी वाचवा झालं, कंसवध तर दोनदा झाला. पंचविसावं वर्ष, तेव्हा काहीतरी वेगळं हवं, इथवर सगळ्यांचं एकमत. पुढे गाडी सरकेना. मग आमची मृणाल उठली. शाळेत गणित शिकवते म्हणून पोरीला मंडळात मान आहे. म्हणाली, त्रिकोणमिती कुठून आली त्याचा देखावा करू. बाबिलोन, इजिप्त, ग्रीस आणि आपण. चार पुतळे, चौघांवर आळीपाळीने दिवा, मधे बाप्पा.
समजलं नाही म्हणून कबूल कोण करणार? शेवटी अध्यक्ष बाळा म्हणाला, "त्रिकोण ना? होऊ दे. मोदक बाजूनं बघितला तर त्रिकोणच दिसता." टाळ्या. मंजूर.
निवेदन नेहमीसारखं माझ्याकडे. मला त्रिकोणमिती येत नाही. गावच्या शाळेत मास्तरांनी तो धडा शेवटी ठेवला होता, आणि त्या वर्षी शेवट आलाच नाही.

२४ डिसेंबर, बुध
ड्युटीवरून आल्यावर मृ.ची शिकवणी. आधी भीती वाटली, मग मजा. मास्तरांनी एकदा काठीच्या सावलीवरून माडाची उंची काढून दाखवली होती, तेवढं आठवत होतं. काठीची सावली काठीएवढी झाली की माडाची सावली माडाएवढी. मृ. म्हणाली, "बाबा, अर्धी त्रिकोणमिती तुला येते की."
उरलेली अर्धी अशी. इजिप्तवाले पिरॅमिड बांधताना एक हात वर चढलं की किती पंजे आत सरायचं ते ठरवत. आमच्या गावचा सुतार छपराचा उतार असाच हातावर सांगायचा. बाबिलोनवाले मातीच्या पाट्यांवर साठांच्या हिशोबात आकाश लिहीत. वर्तुळाचे तीनशेसाठ भाग तिकडचे. ग्रीकांनी वर्तुळात ताणलेल्या दोरीची लांबी कोनागणिक मोजली. आणि आपल्याकडच्यांनी ती दोरी अर्धी केली.
"एवढंच?" मी.
"एवढंच म्हणजे? त्या अर्ध्यानं काटकोन त्रिकोण मिळाला. शाळेत आज जे शिकवतो ते तेच."
जेवताना हिने विचारलं, "अहो, पोळीकडे असे का बघताय?" मी पोळीत दोरी ताणून बघत होतो.

२८ डिसेंबर, रवि
मंडळाच्या गोदामात. नवे पुतळे करायला वेळ नाही, जुने हलते पुतळे वापरायचे. नंदू डेकोरेटरने एकेकाची मोटर लावून दाखवली.
बाबिलोनचा लेखनिक म्हणजे आपला जुना कंस. गदा काढली, हातात बोरू दिला, समोर मातीची पाटी. पण हात गदेसारखाच वर जातो आणि दाणकन खाली येतो.
नंदू म्हणाला, "दत्ताभाऊ, लिहितोय असं वाटत नाही ना?"
"पाटीचा वध करतोय असं वाटतं."
इजिप्तचा गवंडी म्हणजे व्यसनमुक्तीतला दारुडा. त्याला डुलण्यापलीकडे काही येत नाही. पिरॅमिडसमोर उभा केला आणि डुलला. बाळा म्हणाला, "एवढा मोठा काम पूर्ण झाल्यावर माणूस डुलतलोच!"
ग्रीकासाठी 'पाणी वाचवा'मधला शेतकरी, अंगावर पांढरी चादर. आपला गणिती म्हणून वाल्मीकी. मृ.चं म्हणणं, खरा गणिती विशीतला तरुण होता, दाढी काढा. बाळा ऐकेना. "बिनदाढीचो ऋषी? लोक म्हणतील ह्यो क्लासचो पोरगो." दाढी छातीपर्यंत कापून तोड काढली.

१ जानेवारी, गुरू
अथर्वशीर्ष म्हणून लिहायला बसलो. सुट्टी नव्हती, पण संध्याकाळी निवेदन पुरं झालं. क्रम साधारण काळाप्रमाणे: बाबिलोन, इजिप्त, ग्रीस, मग आपण. शेवटचं वाक्य असं की प्रत्येकाने आधीच्याचं घेतलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. आपलं पाऊल मोठं होतं, आणि ते पुढे अरबांनी घेतलं, मग युरोपने.
मृ.ने एका ठिकाणी कात्री लावली. "बाबिलोनने त्रिकोणमिती शोधली" असं मी लिहिलं होतं. म्हणाली, त्यांच्या त्या प्रसिद्ध पाटीवर नक्की काय आहे त्यावर विद्वानांचं अजून भांडण आहे, एवढ्या ठामपणे लिहू नको. खोडलं. दुसऱ्याचा खोटा मोठेपणाही नको, हे बरं झालं.
हिला वाचून दाखवलं. "समजलं," म्हणाली. माझ्या निवेदनाला असा शेरा पहिल्यांदाच मिळाला.

४ जानेवारी, रवि
बाळाबरोबर त्याच्या टेम्पोतून मढला. तिथे शूटिंगच्या बंगल्यामागे सेटचे जुने खांब पडून असतात, ग्रीससाठी दोन आणायचे होते. जाताना दोघेही खुशीत. गाव एक, शाळा एक, भांडुपच्या डोंगरावर येऊनही चाळ एक. खांब आतून पोकळ, पिठाच्या रिकाम्या डब्यासारखे हलके. बाळाने एक एकट्याने खांद्यावर घेतला, कोळणी हसल्या. एक म्हणाली, "सांभाळून रे दादा, देऊळ पडंल!"
परत येताना त्याने निवेदन वाचायला घेतलं. सिग्नलवर वाचायचा, हिरवा झाला की माझ्या मांडीवर टाकायचा. मालाडच्या पुढे एका ओळीवर बोट ठेवलं.
"दत्त्या, ह्या 'ग्रीकांची मोजणी आपल्याकडे आली' कित्याक लिवलंस?"
"आली म्हणून."
"आली तर आली. सांगूक कशाक होया? लोक तासभर लायनीत उभे रवतत. छाती फुगवून घरी जावक होये. सगळा आपलाच, आपण जगाक दिला, असा लिव."
"काही दिलं, काही घेतलं."
"घेतला ह्या लिवायचा नाय."
पुढे भांडुपपर्यंत खांब मागे खडखडत होते.

७ जानेवारी, बुध
बाळा घरी आला, बसला नाही. बदललं नाहीस तर दुसऱ्याकडून लिहून घेतो म्हणाला. रविवारी २५ला प्रमुख पाहुणे येणार, मोठे आहेत, त्यांना दणक्याचं आवडतं. हिने चहा टाकला होता, तो तिने आणि मी प्यायला.
मला राग नाही. पण बाप्पाला आपण विद्येचा देव म्हणतो. त्याच्या पुढ्यात, त्याच्याच मांडवात, माहीत असून दुसऱ्याच्या विद्येला आपली म्हणायचं? ते निवेदन लागलं तर पुढच्या वर्षीपासून मी लिहिणार नाही. बाळालाही कळतं की मी मंडळात राहीन, खुर्च्या मांडीन, पण आमच्यातलं पूर्वीसारखं राहणार नाही. तेच जास्त टोचतंय.

१० जानेवारी, शनि
दुसरं निवेदन आलं. रेकॉर्डसुद्धा होऊन आलं, पेनड्राइव्हमध्ये. बाळाने मांडवाच्या खड्ड्यांचं काम चालू असताना स्पीकरवर लावलं. आवाज दमदार. पहिल्या वाक्यात आपण, आणि मग ग्रीक, इजिप्त, बाबिलोन एकेक जण आपल्याकडून शिकून जातो. भाषा माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मान्य. खड्डे खणणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मृ. म्हणाली, "बाबा, पिरॅमिड बांधून झाल्यावर हजारो वर्षांनी आपला माणूस जन्मला. शिकवायला मागे गेला की काय?" मी हसलो. ती नाही हसली.

१४ जानेवारी, बुध. संक्रांत
बाळा तिळगूळ घेऊन आला. आज बसला. हिने मुद्दाम दोनदा चहा दिला.
"गोड बोल," म्हणाला.
"तूच बोल."
शेवटी असं ठरलं की पहिले तीन दिवस माझं लावायचं. रविवारचं रविवारी बघू. "पण लोक हसले तर तुझी जबाबदारी." कबूल. त्या आनंदात चार लाडू खाल्ले, दाढ दुखतेय.
उद्या मुलुंडच्या आवाजवाल्याकडे रेकॉर्डिंग.

१८ जानेवारी, रवि
मांडव उभा राहिला. पिरॅमिडची गंमत झाली. वरून केबलच्या वायरी जातात म्हणून नंदूने टोक खाली घेतलं, पाया मात्र तेवढाच ठेवला. मृ.ने कंपासपेटीतला कोनमापक लावून पाहिला आणि कपाळाला हात लावला. "ही तर घरावरची कौलं झाली." नंदू म्हणाला, "ताई, वायर तोडू का? सगळ्या डोंगराचा टीव्ही जाईल." कौलं मंजूर.
शाडूची मूर्ती आली, कापड टाकून झाकून ठेवलीय. डोळे फार शांत आहेत.

२१ जानेवारी, बुध
वाट लागली.
दुपारी दिवे आणि आवाज एकत्र लावून पाहिले. माझं निवेदन सुरू झालं, "बाबिलोनच्या मातीत..." आणि प्रकाश पडला आपल्या वाल्मीकीवर. "पिरॅमिडचा उतार मोजणारे..." आणि दिवा ग्रीकावर. "वर्तुळात दोरी ताणणारे..." आणि दारुडा डुलला. शेवटी "भारतीय गणितींनी दोरी अर्धी केली" म्हणताच कंस झळाळला आणि दाणकन पाटीवर हात आपटला.
बघायला जमलेले हसून लोळले. बाळा नाही. "बघ! आपल्या माणसाची विद्या कंसाक दिलंस!"
मी नंदूकडे बघितलं. त्याने मांडणी मानाप्रमाणे केली होती. बाप्पाच्या उजव्या हाताला आपला माणूस, पहिला दिवा त्याचा, मग उतरत्या मानाने बाकीचे. नंदूचं उत्तर एकच: "भाऊ, आरती कुणापासून फिरवतो? मान उजवीकडून जातो. बाबिलोनला पहिला दिवा? बाप्पाला काय वाटेल?" कुठला दिवा केव्हा लागायचा ते ठरवणारा फिरता ड्रम पत्रा कापून बनवलेला असतो, क्रम उलटा लावायचा तर नवा पत्रा कापायला दोन दिवस हवेत. उद्या संध्याकाळी पहिला खेळ.
चूक नंदूची म्हणवत नाही. मीच त्याला क्रम सांगितला नव्हता, त्याने आपली रीत पाळली.
आणि दुसऱ्या निवेदनाचा क्रम दिव्यांना अगदी बरोबर बसतो. आपण, ग्रीक, इजिप्त, बाबिलोन. बाळाने पेनड्राइव्ह खिशातून काढून दाखवला.
मी म्हटलं, "उद्या संध्याकाळपर्यंत थांब."
"आवाजवाल्याची तारीख नाय मिळूची."
"मी माइकवर वाचीन."
"तू?" म्हणाला. खरं आहे. मी पंचवीस वर्षं लिहिलं, माइक कधी धरला नाही.

२२ जानेवारी, गुरू. गणेश जयंती
पहाटे स्नान करून बसलो. निवेदन उलटं लिहायचं होतं: आधी आपण, मग मागे मागे. सरळ उलटं केलं की मेलेलं वाटे. इतिहास पाठीमागे चालत जात नाही. मग विचार आला की माणूस मागे कधी जातो? बापाचं नाव, आजाचं, पणजाचं. आणि आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना गाऱ्हाणं घालतात, त्यात काय करतात? वरपासून खालपर्यंत एकेकाला हाक मारायची, मान द्यायचा, लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं.
अर्ध्या तासात उतरलं. मालवणीत, आपोआप.
प्राणप्रतिष्ठा छान झाली. संध्याकाळी माइक हातात घेतला. दिवा ऋषीवर पडला.
"बा गणराया, विद्येच्या म्हाराजा! आज ह्या डोंगरार तुझी लेकरां उभी आसत. ज्यान वर्तुळातली दोरी अर्धी केल्यान आणि कोनाकोनाचो कोष्टक मांडल्यान, तो आमचो माणूस, त्येका पयलो मान!"
थोडी कुजबुज. मग मागून एका म्हाताऱ्याने खणखणीत दिलं, "व्हय म्हाराजा!"
"त्येच्याआधी ज्यान आख्खी दोरी मोजल्यान, तो समुद्रापलीकडचो ग्रीक. त्येची मोजणी आमच्या हाताक लागली म्हणान आम्ही पुढे गेलव. त्येकाय मान!"
आता पाचपन्नास आवाज. दारुडा डुलला तेव्हा "हातान उतार मोजणाऱ्या गवंड्याक" आणि कंसाचा हात आपटला तेव्हा "मातयेच्या पाटयेर आभाळ लिवणाऱ्याक". त्या आपटण्यावर पोरं हसली, पण हसत हसतच "व्हय म्हाराजा" म्हणाली. घाटावरची माणसं, पलीकडच्या वस्तीतली भीमनगरची माणसं, गुजराती दुकानदार, सगळे म्हणायला लागले. "चुकला-माकला आसात तर पोटात घाल" म्हटलं आणि माइक खाली ठेवला.
बाळा खांबाला टेकून उभा होता. मी चोरून बघत होतो. आपल्या माणसाला त्याने "व्हय" दिला. ग्रीकाला ओठ हलले नाहीत.

२३ जानेवारी, शुक्र
तीनदा वाचलं. घसा बसला. हिने ज्येष्ठमध दिलं. मृ.च्या शाळेतल्या बाई आल्या होत्या, त्यांना आवडलं. एक काकू मला थांबवून म्हणाल्या, "त्या दारुड्याची दारू सुटली का हो?" व्यसनमुक्तीच्या वर्षी आल्या होत्या. म्हटलं, सुटली, आता गवंडीकाम करतो.

२४ जानेवारी, शनि
बाळाशी बोलणं झालं. प्रसादाच्या मोदकांच्या टोपाजवळ, दोघंच.
"उद्या पेनड्राइव लावतंय," म्हणाला. "पाहुण्यांसमोर रिस्क नको."
"लाव. फक्त एक सांग. गावच्या गाऱ्हाण्यात वेशीबाहेरच्या राखणदाराचं नाव कोण घेतं?"
"घेतंतच सगळे."
"का? तो तर आपल्या गावचा नाही."
"नाय घेतला तर कोपता. रस्तो त्येचो आसा ना."
बाळा मोदक उलटा करून बघत होता.
"तू माका गाऱ्हाण्यात पकडतंस," म्हणाला. रागाने नाही. पण होही म्हणाला नाही. "पाहुणे काय म्हणतीत ता तुका ऐकूक लागणा नाय. माका लागता." हेही खरं आहे. मांडवाची परवानगी, रस्ता, पाणी, सगळ्यांपुढे हात जोडायला तोच जातो. मी घरी बसून वाक्यं लिहितो. तो चुकीचा आहे असं मला वाटतं, पण तो वाईट नाही.
रात्रीच्या आरतीला नेहमीच्या जागी उभे राहिलो, शेजारी शेजारी. टाळ त्याच्याकडे, टाळ्या माझ्याकडे.

२५ जानेवारी, रवि
संध्याकाळचे पाच. सातला पाहुणे.
माइक जागेवर, पेनड्राइव्हही साउंडवाल्याच्या टेबलावर. दोन्ही बाळानेच ठेवलेत. घसा बरा आहे, पण तो वाच म्हटल्याशिवाय मी माइकला हात लावणार नाही. अध्यक्ष तो आहे.
आताच मृ. मांडवातून आली. सांगत होती, बाळाकाका माझा कागद घेऊन कंसासमोर उभा आहे, ओठ हलवत वाचतोय, आणि बोटाने एका ओळीवर अडलाय. तिला हाक मारून विचारलं, "गो, ह्या बाबिलोनवाल्यांचो गावदेव कोण होतो? नुसता 'आभाळ लिवणारो' म्हणान कसा चालात? गाऱ्हाण्यात नाव होया."
"मग तू काय सांगितलंस?"
"म्हटलं, शोधून सांगते. बाबा, त्याला खरंच हवंय की नुसतं विचारतोय?"
मला माहीत नाही. ती मोबाइलवर शोधतेय. मी धोतर नेसून निघतो.